फुटकळ व्होल्टेजची बडदास्त

सँपल अँड होल्ड हे मॉड्युलर सिंथेसायझरमधले बहुधा सर्वांत कमी काम करणारे मॉड्यूल आहे. त्याच्या एका जॅकमध्ये सतत बदलणारे व्होल्टेज येत असते. दुसऱ्या जॅकमध्ये ट्रिगर, म्हणजे क्षणभराचा विद्युत इशारा, आला की त्या क्षणी ते व्होल्टेज जेवढे असेल तेवढे हे मॉड्यूल टिपून घेते आणि पुढचा ट्रिगर येईपर्यंत तेच बाहेर देत राहते. बस्स. ते स्वतः आवाज काढत नाही, आलेला आवाज गाळत नाही, वाढवत नाही आणि कमीही करत नाही.

बरे, टिपलेला आकडा तरी मोलाचा असावा, तर तेही नाही. बहुतेक वेळा या मॉड्यूलला नॉइज पुरवला जातो, म्हणजे निव्वळ खरखर. त्या खरखरीतून निघालेला आकडा २.३ व्होल्टचा आहे की उणे ०.८ व्होल्टचा, याने कोणाचेही काही अडत नाही. मात्र एकदा का तो २.३ निघाला, की त्याचा २.२९ होता कामा नये यासाठी हौशी कारागीर रात्री जागवतात, महागडे सुटे भाग मागवतात आणि कुटुंबीयांचा रोष पत्करतात. ज्या आकड्याला येताना कोणी विचारले नव्हते, त्याची आल्यावर अशी बडदास्त ठेवणे, हेच या मॉड्यूलचे शास्त्र.

सूर आणि व्होल्टेज यांचा हिशोब आधी समजून घ्यावा लागतो. रॉबर्ट मूग यांनी रूढ केलेल्या पद्धतीत एक व्होल्ट वाढला की सूर एक सप्तक वर चढतो. सप्तकात बारा स्वर, त्यामुळे शेजारच्या दोन स्वरांत साधारण ८३ मिलिव्होल्टचे अंतर पडते. ही संख्या लक्षात ठेवलेली बरी. पुढची बरीचशी रडगाणी तिच्यापाशीच येऊन थांबतात.

मुळात हे सर्किट पोटापाण्याच्या कामाला होते. जुन्या एकस्वरी सिंथेसायझरमध्ये पट्टीवरून बोट उचलले की कीबोर्डचे व्होल्टेज नाहीसे होई, पण सूर तर अजून विरत असे. विरता विरता तो भलतीकडेच घसरू नये म्हणून शेवटच्या पट्टीचे व्होल्टेज धरून ठेवणे भाग होते. इथपर्यंत सगळे शहाणपणाचे होते. पट्टी वादकाने निवडलेली असे, तेव्हा तिचे व्होल्टेज जपण्याला अर्थ होता.

पुढे निवड करणारा वादकच बाजूला सारण्यात आला. सॅन फ्रान्सिस्को टेप म्युझिक सेंटरच्या मॉर्टन सुबॉट्निक आणि रॅमोन सेंडर यांच्या मागणीवरून डॉन बुक्ला १९६३ पासून मॉड्युलर यंत्र घडवू लागले. पियानोच्या पट्ट्यांशी त्यांचे फारसे जमत नसे. नव्या वाद्यावर जुना कीबोर्ड बसवला की लोक त्यावर जुनेच वाजवणार, हा त्यांचा आक्षेप होता आणि तो पुढे अनेकदा खरा ठरला. बुक्लांच्या यंत्रांत यादृच्छिक व्होल्टेज पुरवणारे एक स्वतंत्र मॉड्यूल असे. त्याचे नाव ‘सोर्स ऑफ अन्सर्टन्टी’. वेळापत्रके काढणाऱ्या कोणत्याही कार्यालयाच्या दारावर ही पाटी शोभली असती. १९७१ च्या एआरपी २६०० या सिंथेसायझरमध्ये सँपल अँड होल्डला पॅनेलवरच जागा मिळाली आणि नॉइज आतूनच जोडून मिळाला, त्यामुळे वेगळी वायर न लावताही यंत्र मनाला येईल ते बरळू लागे. हे व्होल्टेज फिल्टरला दिले की टुबुक-टुबुक-टिबुक-टबाक असा आवाज येतो. विज्ञानपटांतले संगणक विचार करताना असेच काहीसे वाजतात. खऱ्या संगणकांनी मात्र विचार करताना पंख्याखेरीज कसलाही आवाज केल्याची नोंद नाही.

घरी मॉड्यूल बांधण्याची साथ मोठ्या प्रमाणावर पसरली ती जर्मनीच्या डीटर डोएप्फर यांच्या ए-१०० प्रणालीनंतर. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आलेल्या या प्रणालीतून युरोरॅक नावाचे प्रमाण रूढ झाले: पॅनेलची उंची १२८.५ मिलिमीटर, ३.५ मिलिमीटरचे जॅक आणि अधिक-उणे बारा व्होल्टचा पुरवठा. मापे ठरली की कोणालाही वाटू लागते, आपणही एखादे बांधावे. त्यातही सँपल अँड होल्ड पहिल्या काही मॉड्यूलांत निवडले जाते, कारण ‘यात आहे काय?’ खरोखरच त्यात फारसे काही नाही. अडचण तीच आहे.

सर्किटचे चार भाग. येणारे व्होल्टेज सावरून घेणारा एक बफर, एक स्विच, एक कपॅसिटर आणि बाहेरच्या अंगाला आणखी एक बफर. ट्रिगर आला की स्विच क्षणभर जोडला जातो, कपॅसिटर आलेल्या व्होल्टेजइतका भारला जातो, स्विच तुटतो आणि कपॅसिटर तो भार सांभाळत बसतो. दुसरा बफर त्या भाराला हात न लावता तेवढेच व्होल्टेज बाहेर मांडतो. अभियांत्रिकीच्या वर्गात हा ‘आकृती काढून स्पष्ट करा’ छापाचा प्रश्न असतो. असंख्य मराठी इंजिनियरांनी ती आकृती पट्टीने काढून गुण मिळवले आहेत आणि त्यातल्या फारच थोड्यांना पुढे तिच्याशी पुन्हा संबंध ठेवावा लागला आहे. परीक्षेतला कपॅसिटर आदर्श असतो. बाजारात तो मिळत नाही.

स्विचपासून सुरुवात करावी. स्वस्तातला उपाय म्हणजे सीडी४०६६ ही चिप. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेत ती मागितली तर दुकानदार मान वर न करता काढून देतो. एका चिपमध्ये चार स्विच येतात, त्यांतला एक वापरायचा आणि उरलेल्या तिघांचे पुढे काहीतरी करू म्हणायचे. या चिपला २० व्होल्टच्या वर सोसत नाही. युरोरॅकमध्ये अधिक बारा आणि उणे बारा. दोन्ही आकडे पाठ असलेला कारागीरही त्यांची बेरीज चिप पेटवल्यानंतरच करतो.

दुसरा मार्ग जेफेट ट्रान्झिस्टरचा. हा व्होल्टेज सोसतो, पण त्याला बंद ठेवणे हे एक कामच असते. नेहमीच्या एन-चॅनेल जातीच्या जेफेटच्या गेटवर सिग्नलच्या सर्वांत खालच्या पातळीच्याही पुरेसे खाली व्होल्टेज ठेवावे लागते. नाहीतर तो बंद असल्याचे दाखवत हळूच वाहत राहतो. शिवाय कोणताही इलेक्ट्रॉनिक स्विच बंद होताना जाता जाता कपॅसिटरला एक धक्का देऊन जातो. टिपलेला आकडा त्यामुळे काही मिलिव्होल्टने सरकतो. हा धक्का भरून काढण्यासाठी अगदी त्याच क्षणी उलट दिशेने तेवढाच धक्का देणारी सर्किटे योजलेली आहेत आणि हौशी कारागीर तीही बांधतात. जो आकडा मुळात कुठलाही असू शकत होता, तो पाच मिलिव्होल्टने वेगळा असा कुठलाही झाला तर बिघडले काय, हा प्रश्न घरातली इतर माणसे विचारतात. त्याला आजवर समाधानकारक उत्तर मिळालेले नाही.

स्विच किती वेळ जोडलेला ठेवावा, यातही खोच आहे. फार थोडा वेळ ठेवला तर कपॅसिटर पुरता भरण्याआधीच दार लागते. फार वेळ ठेवला तर तेवढा वेळ आत येणारी खरखर जशीच्या तशी बाहेर ऐकू येते आणि मग कुठे आकडा स्थिरावतो. या दुसऱ्या प्रकाराला ट्रॅक अँड होल्ड म्हणतात. त्याचे स्वतंत्र उपयोग आहेत, आणि ट्रिगरचे सर्किट चुकले असेल तर ‘हे मुद्दामच तसे केले आहे’ म्हणायलाही ते नाव उपयोगी पडते.

आता कपॅसिटर. लेखाचा मोठा हिस्सा त्याला द्यावा लागेल, कारण कारागिराच्या आयुष्याचाही तो घेतो. सोसायटीच्या गच्चीवरची टाकी रात्री भरलेली असते, रात्रभर कोणी नळ उघडत नाही, तरी सकाळी पाणी उतरलेले असते, कपॅसिटरचेही तसेच. त्याचा भार चोहोंकडून झिरपतो: बंद स्विचमधून, बफरच्या पायातून, खुद्द कपॅसिटरच्या अंगातून आणि पीसीबीच्या, म्हणजे सर्किट बोर्डाच्या, पृष्ठभागावरून. याला ड्रूप म्हणतात. हिशोब सोपा आहे. १० नॅनोफॅरडच्या कपॅसिटरमधून १०० पिकोॲम्पिअर झिरपत असतील तर व्होल्टेज सेकंदाला १० मिलिव्होल्टने सरकते. म्हणजे आठ-साडेआठ सेकंदांत सूर पुरता एक स्वर उतरतो. पिकोॲम्पिअर म्हणजे एका ॲम्पिअरचा एक लक्ष कोटीवा भाग. एवढ्याशा प्रवाहाचा कोणी पाठलाग करावा असे सामान्य माणसाला वाटत नाही, म्हणून तर तो सामान्य.

बफरसाठी सर्रास वापरला जाणारा टीएल०७२ हा ऑप-ॲम्प स्वतःच साधारण ६५ पिकोॲम्पिअर घेतो. त्याहून पुष्कळ कमी घेणारे ऑप-ॲम्प मिळतात. त्यांची किंमतही तेवढीच ठळक असते. नॅशनल सेमीकंडक्टरने सत्तरच्या दशकात आणलेल्या एलएफ३९८ या चिपमध्ये तर दोन्ही बफर आणि स्विच एकत्रच मिळतात, बाहेरून फक्त कपॅसिटर लावायचा. या चिपने काम फारच सोपे होते आणि म्हणूनच काही कारागीर तिला हात लावत नाहीत.

कपॅसिटर मोठा घेतला तर गळती कमी जाणवते, हे खरे. पण मोठा कपॅसिटर भरायलाही वेळ लागतो. त्याहून गंभीर बाब म्हणजे त्याची जात. स्वस्त सिरॅमिक कपॅसिटरला जुन्या गोष्टी विसरता येत नाहीत. त्याला पाच व्होल्टवरून शून्यावर आणून सोडले तर थोड्या वेळाने तो आपणहून पाचाच्या दिशेने किंचित वर येतो. याला डायइलेक्ट्रिक ॲब्सॉर्प्शन म्हणतात. म्हणजे नव्या सुरात मागच्या सुराची कुरकुर मिसळते. पॉलिस्टायरीन आणि पॉलिप्रॉपिलीनच्या कपॅसिटरमध्ये हा दोष कितीतरी पट कमी असतो. पैकी पॉलिस्टायरीनचा कपॅसिटर दिसायला चकचकीत, स्वभावाने शांत आणि हल्ली दुर्मीळ. बहुतेक उत्पादकांनी तो बनवणे सोडले आहे. त्याची सहनशक्ती साधारण ८५ अंश सेल्सिअसची आणि सोल्डरिंग आयर्न तीनशेच्या वर तापलेले. कारागीर महिनाभर वाट पाहून तो मागवतो आणि तीन सेकंदांत वितळवतो. मग पॉलिप्रॉपिलीन लावतो, जे त्याने आधीच लावायला हरकत नव्हती.

पीसीबीवरून होणारी गळती हा मुंबई आणि कोकणातल्या कारागिरांचा खास प्रांत आहे. बोर्डावर राहिलेला फ्लक्स, बोटांचा घाम आणि पावसाळी दमट हवा यांचा मिळून एक अदृश्य रोधक तयार होतो. तो १० गिगाओमचा धरला तरी पाच व्होल्टच्या दाबाखाली त्यातून ५०० पिकोॲम्पिअर निसटतात, म्हणजे १० नॅनोफॅरडवर सेकंदाला ५० मिलिव्होल्ट. मे महिन्यात ठणठणीत असलेले मॉड्यूल जुलैमध्ये दोन सेकंदांच्या आत एक स्वर घसरू लागते. उपाय ठरलेले आहेत. आयसोप्रॉपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घेऊन बोर्ड घासायचा, नंतर त्याला बोट लावायचे नाही, आणि कपॅसिटरच्या जोडणीभोवती तांब्याचे एक कडे ठेवून त्याला बफरचेच व्होल्टेज द्यायचे. कडे आणि जोडणी एकाच पातळीवर आली की गळतीला जायला कारण उरत नाही. या कड्याला गार्ड रिंग म्हणतात. एका बिनमहत्त्वाच्या आकड्याला चारी बाजूंनी पहारा देणारे हे कडे हौशी बांधकामातला मानाचा दागिना समजले जाते आणि उत्साही मंडळी त्याची छायाचित्रे काढतात.

एवढे करून आकडा टिकतो की नाही हे बघायला मल्टिमीटर घ्यावा, तर तिथे वेगळीच गंमत. साध्या डिजिटल मल्टिमीटरचा अंतर्गत रोध १० मेगाओम असतो. त्याची टोके थेट कपॅसिटरवर टेकवली की १० नॅनोफॅरडचा भार सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात निम्म्याहून अधिक ओसरतो. मीटर शून्याकडे धावताना पाहून कारागीर गळती शोधायला बसतो. गळती त्याच्या हातातच असते. मोजायचे ते बफरच्या पलीकडे, हे प्रत्येक पुस्तकात दिलेले आहे आणि पुस्तक नेहमी मोजून झाल्यावर उघडले जाते.

नॉइजचा उगम याहून मजेशीर आहे. ट्रान्झिस्टरच्या बेस आणि एमिटरमध्ये उलट दिशेने व्होल्टेज लावले की एका मर्यादेपुढे तो जोड कोलमडतो आणि खरखरू लागतो. बीसी५४७ च्या डेटाशीटमध्ये उलट दाबाची मर्यादा सहा व्होल्ट दिली आहे. कारागीर एक रोधक मध्ये घालून त्याला बारा व्होल्टवर टांगतो आणि तिसरा पाय, म्हणजे कलेक्टर, मोकळाच सोडतो किंवा कापून टाकतो. इतकेच करून भागत नाही. सगळे ट्रान्झिस्टर सारखे खरखरत नाहीत, म्हणून मूठभर विकत आणून एकेक लावून ऐकायचा आणि सर्वांत वाईट वाजणारा निवडायचा. याच घराण्यातला बीसी५४९ कमी खरखरीसाठी विकला जातो. तो इथे पहिल्याच फेरीत बाद.

अशी कसून निवडलेली खरखरही कारागिराच्या मनाजोगी निघतेच असे नाही. नॉइजचे व्होल्टेज सामान्य वितरणाने पसरलेले असते. सुमारे दोन तृतीयांश आकडे मध्यापासून एका प्रमाण विचलनाच्या आतच पडतात. त्यामुळे सूर मधल्या पट्टीत घोटाळत राहतात आणि टोकाचा सूर क्वचित लागतो. ‘हे पुरेसे यादृच्छिक वाटत नाही’ अशी तक्रार मग सुरू होते. नशिबाने निवडलेल्या सुरांबद्दलही माणसाची काही आवडनिवड असते, हे या टप्प्यावर कळते.

नॉइजऐवजी दुसरे काही दिले तर मॉड्यूलचा स्वभाव पालटतो. संथ करवती लहर दिली आणि तिच्या एका फेऱ्यात आठ ट्रिगर बसवले तर आठ पायऱ्यांचा जिना मिळतो, ठरावीक सुरांची चढण पुन्हा पुन्हा. ट्रिगरचा वेग किंचित हलवला की जिना दर फेरीला थोडा सरकतो आणि चाल हळूहळू बदलत जाते. सँपल अँड होल्डचा हा उपयोग नॉइजपेक्षा सरस आहे, तरी लोक नॉइजच लावतात. यात एक सापळाही आहे. लहर आणि ट्रिगर यांचा वेग तंतोतंत सारखा झाला तर प्रत्येक वेळी लहरीवरचा तोच बिंदू टिपला जातो आणि मॉड्यूल एकच सूर काढत बसते. मॉड्यूल मेले अशा समजुतीने धडधाकट चिपा उपसून काढल्या जातात त्या बहुधा याच प्रसंगी.

मोकळे व्होल्टेज थेट सूर काढणाऱ्या ऑसिलेटरला दिले तर निघणारे सूर सप्तकातल्या स्वरांवर नेमके बसत नाहीत. त्यासाठी पुढे क्वांटायझर लावतात. तो प्रत्येक व्होल्टेजला जवळच्या स्वरावर नेऊन बसवतो. क्वांटायझरवर सा रे ग प ध एवढेच स्वर चालू ठेवले की भूप झाला, असे भारतीय कारागिराला वाटते. पण देशकाराचेही हेच पाच स्वर. एकात गंधार वादी, दुसऱ्यात धैवत. बाकी सगळा फरक चलनाचा. क्वांटायझरला चलन कळत नाही आणि नॉइजला तर काहीच कळत नाही, त्यामुळे जे वाजते ते ना भूप ना देशकार. पाच स्वरांमुळे ते कानाला गोड लागते आणि ऐकणारा मान डोलावतो, हा भाग वेगळा.

कधीतरी त्या गोंधळातून खरोखरच सुंदर ओळ निघते. तिथे मॉड्यूलची मोठी उणीव उघडी पडते. ज्या आकड्याला पहारे बसवले, अल्कोहोलने आंघोळ घातली, तो पुढच्या ट्रिगरला कायमचा पुसला जातो. पुन्हा तेच वाजव म्हणण्याची सोय नाही. एकामागे एक अनेक सँपल अँड होल्ड जोडून प्रत्येकाचा आकडा पुढच्याकडे सरकवणारे ॲनालॉग शिफ्ट रजिस्टर बांधता येते. त्यात तीच ओळ दोन-तीन आवाजांत मागोमाग ऐकू येते, पण शेवटी तीही रजिस्टरच्या टोकावरून गळून पडते. शिवाय प्रत्येक टप्प्याला वेगळा कपॅसिटर, म्हणजे वेगळी गळती. टॉम व्हिटवेल यांचे २०१२ चे ट्युरिंग मशिन हे मॉड्यूल या दुखण्यावर वेगळा उपाय करते. ते नशिबाने पडलेला क्रम डिजिटल शिफ्ट रजिस्टरमध्ये गोल फिरवते आणि आवडला की नॉब वळवून तो कुलूपबंद करू देते. तेही घरी बांधायच्या किटच्या रूपात मिळते, त्यामुळे सँपल अँड होल्ड पुरते सुधारण्याआधीच ते सोडून देण्याची सोय झाली.

मायक्रोकंट्रोलर घेऊन हे सगळे चार ओळींच्या प्रोग्रॅममध्ये उरकावे, असा सल्ला प्रत्येक कारागिराला कोणीतरी देतेच. तिथे ड्रूप नाही, पॉलिस्टायरीन नाही आणि आकडा बदलेपर्यंत तसाच राहतो. फक्त प्रोग्रॅमने काढलेले यादृच्छिक आकडे एका सुरुवातीच्या संख्येवरून गणिताने निघतात. ती संख्या रोज तीच असेल तर यंत्र चालू केल्यावर रोज तेच सूर त्याच क्रमाने वाजतात. आर्डुइनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डावर यासाठी रूढ तोड अशी, की एखादी ॲनालॉग पिन मोकळी सोडायची, तिच्यावर जी काही खरखर येते ती मोजायची आणि ती संख्या प्रोग्रॅमला द्यायची. ती मोजताना आर्डुइनो उनोवरची एटीमेगा३२८पी चिप आधी पिनवरचे व्होल्टेज टिपून एका अंतर्गत कपॅसिटरवर धरून ठेवते आणि मगच त्याचा आकडा करते. डेटाशीटप्रमाणे हा सँपल अँड होल्ड कपॅसिटर १४ पिकोफॅरडचा आहे, आणि त्याच्याभोवती गार्ड रिंग बसवायला कारागिराला कुठेही जागा ठेवलेली नाही.